एअर रायफल असो की पेंटबॉल मार्कर, विकत घेण्याआधी तपासायचा कसा? हाताळणी, ट्रिगर, वेग, ग्रुप आणि हवा

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. कोल्हापूरला नेमबाजी त्याआधीच चांगली ओळखीची होती. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. ही तिन्ही पदकं .२२ काडतुसाच्या शस्त्रांवरची आहेत, पण बहुतेक नेमबाजांची सुरुवात १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलनेच होते. तेजस्विनीनं २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, ते १० मीटर एअर रायफलमध्ये.

त्यामुळे दहावी-बारावीतल्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास येतो: कुठली घ्यायची? इम्पोर्टेड मॅच रायफलची किंमत लाखांत जाते. सेकंडहँड घ्यायची तर समोरचा म्हणतो, ‘एकदम ओके कंडिशन, फक्त दोन वर्षं वापरली.’ यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून यातलं काहीच कळत नाही, कारण रिव्ह्यू करणाऱ्याचा खांदा आणि तुमचा खांदा वेगळा असतो. म्हणून या लेखात ब्रँडची यादी नाही. हवेवर चालणारं कुठलंही यंत्र स्वतः कसं मोजायचं, एवढंच इथे आहे. बऱ्याच चाचण्यांना खिशातला मोबाइल पुरतो.

लोणावळ्याकडच्या अ‍ॅडव्हेंचर पार्कमध्ये मिळणारा पेंटबॉल मार्कर हाही याच कुटुंबातला. आतली रचना साधारण तीच, म्हणून जिथे फरक पडतो तिथे त्याचंही सांगतो.

थोडक्यात

- आधी अंगाला बसते का ते बघा, मग ट्रिगर, मग वेगातलं सातत्य, मग ग्रुप, शेवटी हवा आणि सील.
- एका चांगल्या शॉटवर निर्णय घेऊ नका. किमान १० शॉटचे आकडे लिहून काढा.
- जास्त वेग म्हणजे चांगलं यंत्र, असं नसतं. प्रत्येक शॉटला तोच वेग देणारं यंत्र चांगलं.
- सगळ्या चाचण्या फक्त रेंजवर, डोळ्याला चष्मा लावून आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

आत नेमकं काय चालतं?

स्पर्धेत वापरली जाणारी आजची एअर रायफल पीसीपी प्रकारची असते. म्हणजे नळीखालच्या सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेली हवा असते, पूर्ण भरल्यावर साधारण २०० बार. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा. ही हवा थेट छर्ऱ्यावर सोडत नाहीत. मध्ये रेग्युलेटर असतो. सिलिंडरमध्ये २०० बार असोत की १००, पुढच्या छोट्या कप्प्यात तो ठरावीकच दाब देतो. ट्रिगर ओढला की हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेवढीच हवा छर्ऱ्याला ढकलते.

जुनी किंवा स्वस्त एअर गन स्प्रिंगवर चालते. त्यात जड पिस्टन जोरात पुढे जातो, त्यामुळे छर्रा नळीत असतानाच बंदूक हलते. सराव सुरू करायला तीही चालते, पण तिच्या ग्रुपची तुलना पीसीपीशी करू नका.

पेंटबॉल मार्करमध्ये छर्ऱ्याच्या जागी रंग भरलेली जिलेटिनची गोळी असते, साधारण १७.३ मिमी व्यासाची आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाची. ‘मार्कर’ हे नाव खरंच खुणा करण्यावरून आलं. अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला हे यंत्र वापरत. त्यानं पहिला खेळ खेळला गेला तो जून १९८१ मध्ये, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या रानात, १२ जणांत.

आता एक गणित, कारण पुढे कायद्याच्या भागात ते लागेल.

ऊर्जा = ०.५ × वजन × वेग × वेग

एअर रायफलचा छर्रा ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७१ मीटर: ऊर्जा साधारण ७.७ ज्यूल.
पेंटबॉल ३ ग्रॅम, वेग सेकंदाला ९० मीटर: ऊर्जा साधारण १२ ज्यूल.

म्हणजे पेंटबॉलमध्ये ऊर्जा जास्त! तरी ती अंगात घुसत नाही, कारण ती मोठ्या जागेवर पसरते आणि गोळी फुटते. छर्ऱ्याची ऊर्जा ४.५ मिमीच्या टोकावर एकवटते. दर चौरस मिलिमीटरला हिशोब केला तर छर्ऱ्याचा मारा पेंटबॉलच्या जवळपास नऊपट भरतो. पण डोळ्याला हा फरक लागू होत नाही. पेंटबॉलनं डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून मैदानात मास्क एक सेकंदसुद्धा काढायचा नसतो.

चाचणी १: हाताळणी

यंत्र कितीही महाग असलं तरी अंगाला बसत नसेल तर उपयोग शून्य. रिकामी, सेफ्टी फ्लॅग लावलेली बंदूक घेऊन हे बघा.

डोळे मिटून उचला. उभं राहून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. टार्गेट साइटमध्ये आपोआप आलेलं दिसलं तर बसण्याची पद्धत बरोबर आहे. ते बाजूला गेलं तर पाय सरकवून बघा. वर-खाली गेलं आणि मान वाकवल्याशिवाय साइट दिसतच नाही, असं झालं तर गालाचा पट्टा आणि मागची बट प्लेट ॲडजस्ट करा. त्या कुठपर्यंत सरकतात हे विकत घेतानाच बघायचं. दहावीतल्या मुलाची उंची अजून वाढणार असते.

एक मिनिट धरा. मोबाइल ट्रायपॉडवर किंवा खिडकीत ठेवून बाजूनं व्हिडिओ काढा. साधारण ४० व्या सेकंदानंतर नळीचं तोंड खाली झुकायला लागलं तर वजन पुढे जास्त आहे. दहा मीटर एअर रायफलचं वजन नियमानुसार ५.५ किलोपर्यंत चालतं, पण चालतं म्हणून तेवढं हवंच असं नाही. नव्या मुलाला साडेचार किलोसुद्धा पाठीला जड जाऊ शकते. वजन पुढे-मागे सरकवायची सोय आहे का, ते बघा. मोबाइल नळीवर चिकटवून मात्र मोजू नका, त्याच्या वजनानं तोलच बदलतो.

पिस्तूलमध्ये सगळा खेळ ग्रिपचा असतो. लाकडी ग्रिप एस, एम, एल अशा मापात मिळते, डावखुऱ्यांसाठी वेगळी असते. हात सैल सोडा, ग्रिपमध्ये घाला, डोळे मिटून हात वर करा. पुढची आणि मागची साइट एका ओळीत दिसली तर ग्रिप बसली. तळव्यात पोकळी राहत असेल तर लाकूड घासून किंवा पुट्टी लावून सुधारता येते.

मार्करला ही चाचणी मास्क घालूनच करायची. मास्कसकट गाल टेकतो का, वरचा हॉपर नजरेआड येतो का, मागची हवेची टाकी खांद्यात नीट बसते का? मास्क न घालता दुकानात छान वाटलेला मार्कर मैदानात अडतो, तो इथेच.

चाचणी २: ट्रिगर

चांगला मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हलका, बोट ठरावीक जागी येऊन थांबतं. दुसऱ्यात किंचित दाब दिला की शॉट सुटतो. तीन गोष्टी तपासा.

- दुसऱ्या टप्प्यात ट्रिगर घसरत घसरत जातो का? काच तुटल्यासारखा एकदम सुटायला हवा.
- सुटल्यानंतर बोट किती मागे जातं? जास्त गेलं तर शेवटच्या क्षणी नळी हलते.
- दर वेळी तेवढाच दाब लागतो का?

एअर पिस्तूलला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे. स्पर्धेआधी तपासणीत ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन टांगून पिस्तूल सरळ वर उचलतात. वजन उचललं जाण्याआधीच ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. घेताना हीच चाचणी दहादा करा. दहापैकी एकदा जरी आधी सुटला तरी स्पर्धेच्या सकाळी तेच होणार. एअर रायफलला किमान वजनाची अट नाही, बहुतेक जण १०० ग्रॅमच्या आसपास ठेवतात. अगदी नवख्यानं तेवढा हलका ठेवू नये.

मॅच रायफल-पिस्तूलमध्ये ड्राय फायरची सोय असते, म्हणजे हवा न सोडता ट्रिगरचा सराव करता येतो. घेण्याआधी त्यावर शांतपणे ५० वेळा ओढून बघा. कान आणि बोट दोन्ही सांगतात.

चाचणी ३: वेग आणि सातत्य

वेग मोजायचं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ. छर्रा दोन सेन्सरवरून जातो आणि मधल्या वेळावरून वेग निघतो. रेंजवर किंवा क्लबमध्ये असला तर तोच वापरा. समजा, दहा शॉटचे आकडे असे आले, मीटर प्रति सेकंद:

१७१, १७२, १७०, १७१, १७३, १७१, १७०, १७२, १७१, १६९

सरासरी १७१. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यातला फरक ४. हे आकडे मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये टाकून स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र लावलं तर १.१५ येतं. हे चांगलं की वाईट? टार्गेटवर काय होतं ते बघू.

१७१ च्या वेगानं छर्ऱ्याला १० मीटर जायला ०.०५८५ सेकंद लागतात. हवेचा अडथळा सोडला तर तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणानं १६.८ मिमी खाली येतो. १६९ च्या वेगाला १७.२ मिमी, १७३ ला १६.४ मिमी. म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान शॉटमध्ये उभा फरक ०.८ मिमी, मधल्यापासून वर ०.४ आणि खाली ०.४. एअर रायफलच्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी. एरवी १०.९ चा असलेला शॉट यामुळे फार तर १०.८ होईल. म्हणजे हे यंत्र ठीक आहे. हाच फरक १५-२० चा आला तर मात्र रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह तपासायला हवा.

क्रोनोग्राफ नसेल तर मोबाइलचा माइक

शॉटचा आवाज आणि छर्रा ट्रॅपवर आदळल्याचा आवाज, यांच्यात किती वेळ गेला ते रेकॉर्डिंगमधून मोजता येतं. गोची एकच: मोबाइल बंदुकीजवळ ठेवला तर टार्गेटचा आवाज परत यायलाही वेळ लागतो. १० मीटरला तो साधारण २९ मिलिसेकंद असतो आणि तापमानाप्रमाणे बदलतो. यावर सोपा उपाय आहे. मोबाइल नळीचं तोंड आणि ट्रॅप यांच्या बरोबर मध्ये ठेवा, रेषेपासून मीटरभर बाजूला. दोन्ही आवाजांना सारखंच अंतर कापावं लागतं, त्यामुळे तो वेळ आपोआप वजा होतो.

१. बंदूक रिकामी असताना नळीच्या तोंडापासून ट्रॅपपर्यंतचं अंतर टेपनं मोजा.
२. रेंज बंद असताना, सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवल्यावरच मोबाइल पुढे ठेवून या.
३. शेजारच्या लेनवर कुणी फायर करत नसेल तेव्हा दहा शॉट रेकॉर्ड करा.
४. ऑडिओ एडिटरमध्ये वेव्ह झूम करा आणि दोन्ही आवाजांची सुरुवात शोधा. सगळ्यात उंच टोक नाही, सुरुवात.
५. अंतर भागिले वेळ. १० मीटर आणि ०.०५८५ सेकंद आले तर वेग १७१.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झचं असेल तर एका सेकंदात ४८,००० नमुने असतात, म्हणजे मोबाइलची क्षमता भरपूर आहे. चूक होते ती आपण सुरुवात ओळखण्यात. एका मिलिसेकंदाची चूक झाली तर वेग ३ मीटरनं चुकतो, त्यामुळे ०.१ मिलिसेकंदापर्यंत झूम करून वाचा. शिवाय हा वेग पूर्ण अंतराची सरासरी असतो, नळीच्या तोंडापाशी तो थोडा जास्तच असतो.

स्लो मोशन व्हिडिओतून छर्ऱ्याचा वेग निघेल का? नाही. २४० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये छर्रा ७० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. पण शॉट सुटताना नळी कुठे उडते, खांदा मागे जातो का, हे त्यात झकास दिसतं. स्लो मोशन त्यासाठी वापरा.

पेंटबॉलला वेगाची चाचणी सुरक्षेची असते. सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर, ही सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे आणि बरीच मैदानं त्याहून कमी ठेवतात. खेळाआधी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफवर लावायला हवा. एखाद्या ठिकाणी क्रोनोग्राफ दिसलाच नाही तर बिनधास्त विचारा. उत्तर मिळालं नाही तर खेळू नका.

चाचणी ४: ग्रुप

रायफल पक्क्या रेस्टवर किंवा क्लॅम्पमध्ये बसवा, म्हणजे तुमची थरथर बाजूला राहते. १० मीटरवर एकाच जागी ५ शॉट. छिद्राची बाहेरची कड ते समोरची बाहेरची कड मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. हा झाला केंद्र ते केंद्र ग्रुप. फोटोवरून मोजायचं असेल तर कागदाशेजारी पट्टी ठेवा आणि मोबाइल कागदाला समांतर धरा, तिरका फोटो खोटं सांगतो.

एकाच ग्रुपवर विश्वास ठेवू नका. ५ शॉटचा एखादा ग्रुप नशिबानंही छान येतो. पाच ग्रुप मारा आणि सरासरी घ्या.

आता छर्रे. एकाच कंपनीचे छर्रे ४.४८ पासून ४.५२ मिमीपर्यंत वेगवेगळ्या डोक्याच्या मापात मिळतात आणि प्रत्येक नळीला वेगळं माप आवडतं. म्हणून तीन-चार प्रकारचे डबे घेऊन तुलना करा. ज्यानं छान ग्रुप दिला, त्याच लॉट नंबरचे डबे एकदम घ्या. रायफल बदलण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

आणि आता सगळ्यात उपयोगाचा हिशोब. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण छर्ऱ्याची कड त्याला स्पर्श करून गेली तरी १० गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीपर्यंत सरकलं तरी १०.०. रेस्टवरून तुमच्या रायफलचा ग्रुप केंद्र ते केंद्र १ मिमी येत असेल आणि तो बरोबर मधोमध असेल, तर ती रायफल स्वतःहून प्रत्येक शॉट १०.८ किंवा वर मारते. मग तुमचे शॉट ९.२ आणि ८.७ का जातात? कारण उभं राहणं, श्वास आणि ट्रिगर. नवी रायफल मागण्याआधी ही चाचणी करा. घरच्यांचे दोन लाख वाचू शकतात.

मार्करमध्ये नळी आणि गोळी यांचं माप जुळणं महत्त्वाचं. नळी काढून घ्या, मार्करला जोडलेली असताना हे कधीच करू नका. गोळी आत ठेवा. ती आपोआप घरंगळून पडली तर नळी मोठी आहे. फुंकर मारली की निघाली तर माप बरोबर. पावसाळ्यात जिलेटिनची गोळी ओलावा शोषून फुगते, आकार बिघडतो आणि नळीतच फुटते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडी पिशवी ठेवली तर दुसऱ्या दिवशी मार्करला दोष देण्यात अर्थ नाही.

चाचणी ५: हवा, सील आणि सिलिंडर

गळती तपासायची तर गेजचा आकडा लिहा, रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. पण तापमानही लिहा. दुपारी ३५ अंशाला २०० बार असलेला सिलिंडर पहाटे २२ अंशाला साधारण १९१-१९२ बार दाखवतो. हवा कुठेच गेलेली नसते, ती फक्त थंड झालेली असते. तापमान तेवढंच असताना आकडा उतरला, तर ती गळती.

रेग्युलेटर सरकतो का? हवा भरून रायफल २० मिनिटं तशीच ठेवा आणि मग पहिल्या शॉटचा वेग बघा. पहिला शॉट दर वेळी पुढच्या शॉटपेक्षा बराच वेगवान येत असेल तर रेग्युलेटर हळूहळू दाब गळू देतोय. सील बदलून हे दुरुस्त होतं, पण भाव करताना तो खर्च धरा.

शेवटपर्यंत तपासा. सिलिंडर भरल्यापासून गेज खालच्या पट्ट्यात येईपर्यंत दर दहाव्या शॉटचा वेग लिहा आणि त्याचा ग्राफ काढा. रेषा बराच वेळ सपाट राहायला हवी आणि शेवटी एकदम उतरायला हवी. सुरुवातीपासूनच उतरत असेल तर रेग्युलेटर काम करत नाही.

तारीख बघा. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. मॅच सिलिंडरचं आयुष्य उत्पादक साधारण १० वर्षं धरतात आणि तारीख उलटलेला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. सेकंडहँडमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते: रायफल चकचकीत, सिलिंडर अकरा वर्षांचा.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारा मार्कर असेल तर उन्हाचं भान ठेवा. २० अंशाला त्या टाकीतला दाब साधारण ५७ बार असतो, ३० अंशाला ७२ च्या आसपास जातो. सकाळी मर्यादेत असलेला मार्कर एप्रिलच्या दुपारी मर्यादा ओलांडू शकतो. दुपारी वेग परत मोजायचा, तो यासाठी.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही. उद्यमनगर किंवा शिरोलीला वेल्डिंगचे सिलिंडर सहज दिसतात, म्हणून ‘तिथनं भरून आणू’ असं कुणी सुचवेल. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. हातपंपानं भरत असाल तर ओलावा शोषणारा फिल्टर लावा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो लवकर बदलावा लागतो. उद्यमनगरचा लेथवाला बट प्लेटचा स्क्रू किंवा वजनाची पट्टी अप्रतिम बनवून देईल. व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि सिलिंडर मात्र त्याच्याकडे नेऊ नका.

चाचणी ६: भरवसा

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तूलचा लिव्हर तुटला. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले शॉट घाईत मारावे लागले. ती ५७५ गुणांवर थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं याच प्रकारात कांस्य मिळवलं, पण यंत्राचा भरवसा किती महत्त्वाचा, हे टोकियोनं सगळ्यांना शिकवलं.

म्हणून शेवटची चाचणी पूर्ण सामन्याची: ६० शॉट, ७५ मिनिटं. साइटचे स्क्रू ढिले होतात का, लिव्हर अडखळतो का, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी टिकते का? मार्करला हीच चाचणी दोनशे गोळ्यांची घ्या आणि किती गोळ्या आतच फुटल्या ते मोजा.

सेकंडहँड घेताना

- सिरियल नंबर आणि बिल जुळतं का?
- सिलिंडरची तारीख कुठली?
- कंपनीचं मूळ टेस्ट टार्गेट आहे का? असेल तर आजच्या ग्रुपशी तुलना करा.
- सील कधी बदलले? सुटे भाग भारतात मिळतात का?
- दहा शॉटचे वेग तुमच्यासमोर मोजून देईल का? नाही म्हणाला तर निघा.

नेहमीचे प्रश्न

*परवाना लागतो का?*
शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर गन परवान्याशिवाय घेता येते. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. वरचा हिशोब आठवा: मॅच रायफल ७.७ ज्यूल, म्हणजे बरीच आत. ५.५ मिमीची एअर गन या सवलतीत बसत नाही. पेंटबॉल मार्करची नळी १७ मिमीच्या वर असते, तेव्हा त्यालाही हीच सवलत आहे असं गृहीत धरू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारूनच पैसे द्या.

*ऑनलाइन दुर्बीण लावलेली एअर गन स्वस्त मिळतेय, घेऊ का?*
१० मीटर स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. खेळायचं असेल तर नको.

*वेग वाढवून मिळतो म्हणतात, करू का?*
नको. सातत्य बिघडतं, सीलवर ताण येतो आणि २० ज्यूलची मर्यादा ओलांडली तर गुन्हा तुमच्या नावावर.

*घरी गच्चीवर टेस्ट करू का?*
नाही. छर्रा कठड्यावरून उसळून शेजारच्या अंगणात जाऊ शकतो. आणि छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

*लगेच स्वतःची घ्यावी का?*
शक्य असेल तर आधी काही महिने रेंजची रायफल वापरा. कोल्हापुरात दुधाळीला आणि विभागीय क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या रायफली हातात घेतल्यावर तुम्हाला बट किती लांब लागते, वजन किती झेपतं, हे आकड्यात कळेल. ते आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर दुकानदार ‘ही बेस्ट आहे’ म्हणेल, तेव्हा तुमच्याकडे विचारायला नेमके प्रश्न असतील.